उनाइसी नावाचं जनावर

नावुनिदोंगो, कन्दावू बेट
६ ऑगस्ट २००९

प्रिय ताई,

प्रभूच्या दयेने आम्ही तिघंही बरे आहोत. तुलाही त्याने तसंच ठेवलं असेल अशी आशा करून हे पत्र लिहायला घेते.

तुझं खोकं गेल्या शुक्रवारच्या बोटीने पोचलं. साबण, वह्या, इनोकेचा टॉर्च आणि पोरीचा लॅपटॉप, सगळं कोरडं. खोक्याची दोरीसुद्धा मी गुंडाळून ठेवली आहे, ब्रिस्बेनची दोरी आमच्या सुवाच्या दोरीपेक्षा टिकते. म्हाताऱ्या माणसांना उचलून-पुसून मिळवलेल्या पैशातून एवढं महागाचं यंत्र घ्यायची काही गरज होती का, हे मी विचारणार नाही. तू म्हणशील, 'माझ्या नावाच्या पोरीसाठी घेतलं, तुला काय करायचंय?'

ही पोरगी तुला एकदाही मावशी म्हणत नाही बघ. 'माझ्या यादाने पाठवलं', 'माझी यादा येणार', दिवसभर हेच. तिला तुझं नाव दिलं तेव्हा आई म्हणाली होती ते आठवतं का? एका नावाच्या दोघी म्हणजे यादा, त्यांतल्या एकीला काटा रुतला की दुसरी लंगडते.

पण मला वेगळंच विचारायचंय. लॅपटॉप अभ्यासाला म्हणून पाठवलास, मग त्यात तो जनावराचा खेळ कोणी घातला? संध्याकाळी गावचा जनरेटर लागला की आधी प्रार्थना, मग जेवण, मग खेळ, असा नियम मी केलाय. पहिल्या दिवशी मीही शेजारी बसले. आधी नुसतं पाणी. त्यात दोन डोळे लावलेला एक ठिपका. पोरगी त्याला बोटाने ढकलते आणि तो हिरवा कचरा खातो. मला वाटलं, गरीब जीव आहे, खाऊ दे. पण ताई, त्या पाण्याच्या तळाशी सावल्या होत्या. मोठमोठ्या, धूसर, हळूहळू सरकणाऱ्या. कशाच्या ते कळत नव्हतं. मी विचारलं, "अगं, त्या काय आहेत?" तर म्हणते, "काही नाही आई, त्या अजून खाली आहेत. मी मोठी झाले की वर येतील."

आणि खरंच आल्या. ठिपका खाऊन खाऊन फुगला तसं पाणी लहान झालं आणि त्या सावल्यांना तोंडं फुटली. दात, नांग्या. म्हणजे इतका वेळ त्या खालून आपल्याकडे बघतच होत्या! मी "बंद कर!" म्हणून ओरडले. इनोके बाहेर यंगोना पीत बसला होता. तिथूनच हा माझा नवरा म्हणतो, "खडकाच्या भोकात हात घालून वाम ओढणारी बाई चित्राला घाबरली रे!"

वाम मी ओढते कारण वाम कुठे बसते ते मला ठाऊक आहे. आपला समुद्र दिवसातून दोनदा पोट उघडं करून दाखवतो. त्या खेळातल्या समुद्राला ओहोटीच नाही. ओहोटी नसलेला समुद्र मी पहिल्यांदा पाहिला. त्यात काय आहे ते वर आल्याशिवाय कळायचंच नाही.

याहून वाईट पुढेच आहे. ते जनावर अंडं घालतं, आणि अंडं फुटायच्या आधी खेळ पोरीला विचारतो, पिल्लू कसं हवं? मग ही शेपूट काढते, दात लावते, डोळे उचलून पाठीवर नेते. जुन्या परकराला ठिगळ लावावं तसं. पाळकांना दाखवलं. ते म्हणाले, "देवाने प्रत्येक जीव आपापल्या जातीप्रमाणे निर्माण केला," आणि मग चहा गार होईपर्यंत स्वतःच बघत बसले. मला मोठं ज्ञान नाही. मी पोरीला एवढंच बजावलं की देवाने घडवून दिलेलं अंग काढायला आपण कोण? त्याने दिलं तसं वागवावं आणि त्याच्यापुढे पुरतं उभं राहावं.

जनावराला तिने नाव दिलंय काहीतरी. पोरांचं काय.

तुझं गेलं पत्र अगदी वाकड्या अक्षरात होतं. शाळेत फळ्यावर लिहायला तुला बोलावत असत. डोळे तपासून घे, चालढकल करू नकोस.

तुझी बहीण
माकेलेसी


ब्रिस्बेन
१ सप्टेंबर २००९

लाडके माके,

खेळ मीच घातला, गुन्हा कबूल. दुकानातली मुलगी म्हणाली, तेरा वर्षांच्या पोरीला हा आवडेल, यात गोळीबार नाही. गोळीबार नाही एवढंच मी ऐकलं. दातांचं ती बोलली नाही.

डोळे चांगले आहेत. आमच्या वृद्धाश्रमात एक आजी आहेत, अंगाने आपल्या गावच्या होडीएवढ्या. त्यांना उचलताना उजवा खांदा धरला. हात फार वर जात नाही, म्हणून अक्षर तसं. तू लगेच गुडघे टेकून बसू नकोस.

तुझं ते वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. पत्र खिशात घालून कामावर गेले, दिवसभर कुणाला भरवताना, कुणाची चादर बदलताना तेच घोळत राहिलं. देवाने दिलं तसं वागवावं, त्याच्यापुढे पुरतं उभं राहावं. आईला आपण असंच पुरतं चटईत गुंडाळून मातीत ठेवलं होतं, नाही का? तुझं म्हणणं मला पटलं. इतकं पटलं की दहा तारखेला इथलं एक काम ठरलं होतं, ते मी रद्द करून टाकलं.

आणि आता आनंदाची बातमी. नाताळला मी येते. परत जायला नाही, कायमची. पुरे झाली ही नोकरी. माझी चटई कुठे घालायची ते ठरवून ठेव; समुद्राकडची बाजू दे, वारा लागतो.

वासीती आजी अजून पाला वाटून देते का गं? तो गाठी विरघळवणारा? माझ्याबरोबर काम करणारी एक टोंगाची मैत्रीण आहे, तिला हवा आहे.

जनावराचं नाव लिहायचं तू टाळलंस. तुझं टाळणं मी तू रांगत होतीस तेव्हापासून ओळखते.

तुझी
उनाइसी


नावुनिदोंगो
२२ सप्टेंबर २००९

प्रिय ताई,

तू कायमची येणार हे मी मोठ्याने वाचलं आणि घरात नुसता दंगा झाला. इनोकेने त्याच मिनिटाला एका डुकराकडे बोट दाखवून सांगितलं, "याला आता कुणी लग्नाला मागायचं नाही, हा ताईंचा." मी केवड्याची पानं सुकत घातली आहेत. चर्चच्या महिला मंडळाच्या बायका दुपारी येऊन तुझी चटई विणायला हात लावतात आणि तेवढीच गाणी होतात. समुद्राकडची बाजू तुझीच.

वासीती आजी पाला देते, पण गाठ स्वतः चाचपल्याशिवाय देत नाही. टपालाने पाठवला तर तुमच्याकडचे लोक विमानतळावरच जाळून टाकतात म्हणे. त्या टोंगाच्या बाईला म्हणावं, आधी डॉक्टरकडे जा. आजीच्या पाल्याने गळवं जातात, सगळं जात नाही. बिचारीला कुणी आहे का तिथे?

आता नाव. रागावू नकोस. पोरीने त्या जनावराला तुझं नाव दिलंय. उनाइसी. पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं येतात. मी म्हटलं, बदल. तर तोंड वर करून म्हणते, "माझं नाव आहे, मी माझ्या जनावराला दिलं."

"तुझं एकटीचं नाही ते. उसनं आणलंय."

"मग यादा काय परत मागणार आहे?"

मी तिला अभ्यासाला बसवलं. पण माझ्या मनातून जाईना. दोघींत एकीला काटा रुतला की दुसरी लंगडते, मग तिसरीला रुतला तर? मागच्या मंगळवारी खेळातल्या उनाइसीला मागून येऊन एका मोठ्या तोंडाने धरलं. उजव्या बाजूने. हलवून हलवून खाल्लं. पोरगी हसली, "काही होत नाही आई, अंड्यातून परत येते." आणि शुक्रवारच्या बोटीने तुझं पत्र आलं. उजवा खांदा.

मी कुणाला बोलले नाही. पाळक म्हणतील, ख्रिस्ती घरातली बाई आणि जुन्या गोष्टींवर विश्वास ठेवतेस? ठेवत नाही. पण घाबरायला विश्वास लागतोच असं थोडंच आहे?

शेवटी आम्ही दोघी दुसरं नाव शोधायला बसलो. सलोते? ती इनोकेची आत्या. रुसीला? तिचे दिवस भरत आलेत. तराइविनी? ती मुळातच खोकत असते. पोरगी म्हणाली, "मग गोऱ्यांचं देऊ, डोरोथी." अगं, पाळकांची बायको! सगळी नावं फिरून झाली तरी गावात मोकळं नाव मिळालं नाही, प्रत्येक नावाला कुणीतरी जिवंत माणूस बांधलेलं.

मग काल मी लॅपटॉपच ओढून घेतला आणि चटयांच्या ढिगाखाली घातला. कुणी खेळणारच नाही तर खाणार कोण? पण घाईत एक चूक झाली. मी झाकण मिटलं तेव्हा उनाइसी पाण्याच्या कडेला होती आणि मागच्या खोल पाण्यातून एक सावली वर येत होती. आता ती तशीच आहे. त्याच ढिगाला टेकून मी तुझी चटई विणते आणि माझं लक्ष सारखं खाली जातं. उघडायचा धीर होत नाही, मिटून ठेवायचाही होत नाही.

खांदा कसा आहे? खरं लिही.

माकेलेसी


(त्याच पाकिटात, वहीच्या अर्ध्या पानावर)

प्रिय यादा,

पाकीट चिकटवायचं काम माझं असतं म्हणून ही चिठ्ठी आत. आईला कळलं तर ती माझी पाठ शेकेल.

आईने लिहिलं असेल की मी तुझ्या उनाइसीला खायला घालते. खोटं आहे. मी तिला जमेल तेवढं वाचवते. आईने एक गोष्ट लिहिली नसणार, कारण तेव्हा ती डोळे मिटून प्रार्थना करत होती. उनाइसीच्या उजव्या अंगाला एक मोठा पर होता. जांभळा, झालरीसारखा. तो मी अगदी पहिल्या अंड्यापासून सांभाळला होता. पण ती मोठी तोंडं तिला त्या परालाच धरून ओढायची. आणि या खेळात सगळंच ठेवता येत नाही. पाय हवे तर काहीतरी काढून द्यावं लागतं. मला ठरवताच येईना. मग काढला. आईने डोळे उघडले आणि म्हणाली, "घ्या, अर्धी करून टाकली." मला रडूच आलं.

पण यादा, ती वर चढली! खेकड्यासारखी तिरकी चालते. चालताना गाते, आणि आवाज अगदी पहिलाच आहे. अर्धीबिर्धी काही नाही झाली. तेवढ्यात आईने झाकण मिटलं, नाहीतर ती आतापर्यंत झाडांपर्यंत गेली असती.

एक विचारू? वासीती आजीचा पाला गेल्या वर्षी रुसीलाच्या आईनेसुद्धा 'मैत्रिणीसाठी' मागितला होता. मैत्रीण कुणी नव्हती. आता ती चर्चच्या मागे चाफ्याखाली आहे.

आपण एका नावाच्या आहोत, म्हणून मला खरं सांग.

तुझी यादा
उनाइसी


ब्रिस्बेन
१४ ऑक्टोबर २००९

माके,

हातातलं काम बाजूला ठेव, बस आणि मग वाच.

टोंगाची मैत्रीण नाही. गाठ माझी आहे, उजव्या स्तनात. मे महिन्यापासून मला ठाऊक आहे. खांदा त्यामुळेच दुखतो, वृद्धाश्रमातल्या त्या आजींना उगाच बदनाम केलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्तन काढावा लागेल आणि लवकर काढावा लागेल. दहा सप्टेंबर ठरली होती. ती मी मोडली.

तुझ्या वाक्यामुळे मोडली असं तुला वाटेल आणि तू स्वतःला पोखरत बसशील, म्हणून स्पष्ट लिहिते. वाक्य तुझं होतं, पण भीती माझी होती. मी निमित्तच शोधत होते, ते तुझ्या पत्रात सापडलं. घरी यायचं, नाताळचं डुक्कर खायचं, आजीचा पाला बांधायचा आणि पुरती मरायचं, असा माझा बेत होता. तू चटई विणत होतीस ना, मला तिच्यातच गुंडाळायला सांगणार होते.

तुझ्या पाकिटात आणखी एक चिठ्ठी होती. पोरीला मारू नकोस, तिने जे विचारलं ते तू विचारायला हवं होतंस आणि मी सांगायला हवं होतं. जेवणाच्या सुट्टीत वाचली. 'खेकड्यासारखी तिरकी चालते' इथे हसले, पुढे चाफ्याखालच्या बाईपाशी आले आणि डबा तसाच मिटला. उठून डॉक्टरीणबाईंना फोन केला. खूप बोलल्या मला. मग तारीख दिली: एकोणीस नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी आठ. म्हणाल्या, उशीर केलात, किती पसरलंय ते उघडल्यावरच कळेल.

मला फार भीती वाटते, माके. लहानपणी खडकावर भरतीने गाठलं होतं आपल्याला, पाणी गळ्याशी आलं होतं, तेव्हाही नव्हती वाटली. तुझा हात होता तेव्हा. आता कामावर जाते, हसते, आणि आत सारखं वाटतं की तुझ्या त्या सावल्या तळातून वर यायला लागल्यात.

नाताळला येत नाही. फोन करू नकोस. वुनिसेआच्या टपाल कचेरीत रांगेसमोर तू रडशील, तुझं ऐकून मी पुन्हा तारीख मोडेन.

एकच मागते. ते यंत्र चटयांखालून बाहेर काढ. मागे ती सावली असताना मला तशी ठेवू नकोस.

तुझी
उनाइसी


नावुनिदोंगो
१९ नोव्हेंबर २००९, गुरुवार

ताई,

समुद्र खवळला होता, बोट दोनदा आलीच नाही. तुझं पत्र परवा संध्याकाळी हातात पडलं. परवा! आज ती तारीख. आता दुपार झाली आहे, तिकडे जे व्हायचं ते होऊन गेलं असेल आणि मला त्यातलं काहीच ठाऊक नाही.

ते वाक्य मी मागे घेते. लिहून पाठवलेलं मागे येतं की नाही देव जाणे. बाबांची दोन बोटं बांगड्यामागे आलेल्या त्या मोठ्या माशाने नेली होती. तशाच हाताने त्यांनी आपल्याला वाढवलं, तशाच हाताने प्रार्थनेला हात जोडले. प्रभूने त्यांना दारातून 'अर्धा आहेस, जा' म्हणून परत पाठवलं असेल का? एवढं साधं मला तेव्हा सुचलं नाही. वहीत हिशेब जुळवताना एक पैसा चुकला तर मी पान पुन्हा लिहिते, आणि माणसाच्या जिवावरचं वाक्य असं सहज लिहून टाकलं.

सकाळी पाळकांनी घंटा वाजवली. मंडळाच्या सगळ्या बायका तुझ्यासाठी उपास धरून चर्चमध्ये बसल्या. मी गेले नाही. आयुष्यात पहिल्यांदा घंटा ऐकून घरी राहिले. काल संध्याकाळीच चटया उचलल्या, लॅपटॉप जनरेटरवर भरून घेतला. पोरीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला ठाऊक होतं," आणि माझ्या मांडीत तोंड खुपसलं. मग तिनेच वहीत बटणं काढून कोणतं कशाला ते शिकवलं. आज ती शाळेत जायला तयार नव्हती, पाठवली. मला तिच्यासमोर घाबरायचं नव्हतं.

तुझे आठ म्हणजे आमचे दहा. दहाला झाकण उघडलं.

ती तिथेच होती गं. सावलीही.

आधी नाव बदललं. त्या दिवशी आम्ही दोघींनी गावभर मोकळं नाव शोधलं, पण एक नाव मी मुद्दामच घेतलं नव्हतं. एकेक अक्षर शोधून दाबलं: माकेलेसी. म्हटलं, जे यायचं ते आज या नावावर येऊ दे, तू आपली झोपून राहा. देवाला हे आवडलं नसेल तर तो मला विचारील. मी उत्तर देईन.

मग ढकललं. बोटं घामाने घसरत होती. तिला पळता येत नाही, पोरीने लिहिलंय तशी तिरकीच जाते. सावलीचं तोंड पाण्याबाहेर आलं तेव्हा मी अशी ओरडले की इनोके मचव्यावरून धावत आला. मला वाटलं आता थट्टा करील. पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, शेजारी बसला. हळूच म्हणाला, "डावीकडे ने. रंग बघ पाण्याचा, तिथे उथळ आहे." डावीकडे नेली. तिथेही त्या तोंडाने तिचा मागचा पाय धरला. मी पाठ असलेलं स्तोत्र म्हणत होते, ओळी मागच्या पुढे व्हायला लागल्या. इनोके म्हणत होता, "ओढ, ओढ, सोडू नको." आणि सुटली, ताई. लंगडत वर आली.

तिला एका झाडाखाली कोरड्या वाळूत नेऊन उभी केली. पुढे काही केलं नाही. चरायला नेलं नाही, अंडं नाही, काही नाही. नुसती धरून ठेवली. मधूनमधून ती मान वळवायची आणि पडद्यातून सरळ माझ्याकडे बघायची. पण मी बटणावरचं बोट काढलं नाही. डॉक्टर हात धुवत असतील, आता सुरू झालं असेल, आता अर्धं झालं असेल, असं मनात म्हणत बसले. मग कोपऱ्यातला दिवा लाल झाला आणि पडदा काळा पडला. त्यात माझंच तोंड दिसलं.

शेवटचं पाहिलं तेव्हा ती झाडाखाली होती. कोरड्यात होती आणि समुद्र लांब होता.

तिकडे काय झालं ते लिही. तुला जमत नसेल तर कुणाकडून तरी एक ओळ लिहून घे. बोट उद्या आहे.

माकेलेसी


ब्रिस्बेन
१६ डिसेंबर २००९

प्रिय यादा,

डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षराला हसलीस तर याद राख. तुझ्या आईला लिहिलेलं पत्र कालच वेगळं टाकलंय. त्यात काय आहे ते ती तुम्हाला वाचून दाखवीलच: मी आहे. उजवी बाजू ओहोटीच्या खडकासारखी सपाट झाली आहे. काखेतून काढलेल्या गाठींचा निकाल अजून यायचाय, आणि तो येईपर्यंत मला तळाकडे बघत बसावं लागणार आहे. हे पत्र मात्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर, कारण तू मला जे विचारलंस ते तिने वाचायला नको.

तू लिहितेस की त्या संध्याकाळी जनरेटर लागल्यावर तू खेळ उघडलास, तर त्याने आईचं काहीच ठेवलेलं नव्हतं. झाड नाही, कोरडी वाळू नाही, तिचं नावही नाही. पुन्हा उनाइसी, पुन्हा तू शेवटी सेव्ह केलं होतंस तिथेच, पाण्याच्या कडेला, मागे सावली. सेव्हचं बटण दाखवायला तू विसरलीस. मग झाकण मिटलंस आणि आईला म्हणालीस, बॅटरी बिघडली. आता विचारतेस, सांगू का?

सांगू नकोस. तिने मला झाडाखाली सोडलंय, तिच्या मनात मी तिथेच राहू दे. यंत्राने तिची ती सकाळ ठेवली नसेल. तिचं पत्र माझ्या उशीखाली आहे.

आणि नाव माझंच असू दे. तिने दिलं म्हणून मी तिचं घ्यायचं नसतं.

बॅटरी नीट झाली म्हणून सांग आणि मला तिथून वर ने. आधी डावीकडे, तुझा बाप म्हणतो तसं, तिथे उथळ आहे. पण घाई करू नकोस. हळू ने. उजवी बाजू अजून दुखते.

तुझी यादा
उनाइसी